प्रशिक्षण घेऊन गेले, ते आज कुठे आहेत?



पावसाळा तोंडावर आला म्हणून गट ऑफिसातले लोखंडी कपाट आवरायला काढले होते. कसर लागलेल्या ऊस नोंदीच्या वह्या, जुनी पावतीपुस्तके, आणि त्यांच्या तळाशी प्रशिक्षणाची काही हजेरीपत्रके निघाली. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शेतकऱ्यांसाठी 'ऊसशेती ज्ञानयाग' आणि भगिनींसाठी 'ज्ञानलक्ष्मी' असे वर्ग भरतात, हे आपणांस ठाऊक आहेच. आपल्या घाटाखालच्या गटांतून वेळोवेळी तेथे ज्यांना पाठवले, त्यांची ही यादी. नाव, गाव आणि सही.

आम्ही आणि गटातले शेती मदतनीस ती यादी घेऊन बसलो. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने लिहायला लागलो: सध्या ऊस आहे का, किती गुंठे आहे, शिकून आला त्यातले काय वापरतो. निम्म्याहून अधिक नावांपुढची जागा कोरी राहिली. कुणाच्या शेतात कोणत्या जातीचे बेणे कोणत्या तारखेला पडले, हे आम्ही वही न उघडता सांगू शकतो. पण तोच माणूस आपल्या पैशाने शिकून आला, पुढे त्याचे काय झाले, हे मात्र सांगता येईना. याची आम्हांस लाज वाटली, हे आधीच कबूल करतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. प्रमाणपत्र वाटले की शिकवणाऱ्या संस्थेचे निम्मे काम झालेले असते. उरलेले निम्मे म्हणजे शिकून गेलेल्या माणसाशी संबंध ठेवणे. ते आपण सहसा करीत नाही, आणि न केल्याचा तोटा कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही म्हणून तो कुणाला खुपतही नाही.

एका सभासदाची गोष्ट

मालवण तालुक्यात खाडीच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तेथला एक तरुण सभासद काही वर्षांपूर्वी प्रशिक्षणाला जाऊन आला. मालवणकडचा ऊस तो किती, गुंठ्यांवर मोजावा एवढा. पण गडी हौशी होता. परत आल्यावर त्याने प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये एक डोळ्याची रोपे तयार केली, वीस गुंठे लागण केली. आम्ही गेलो, फोटो काढला, तो याच पत्रिकेत छापला. चेअरमनसाहेबांनी वार्षिक सभेत त्याचे नाव घेतले. टाळ्या झाल्या.

त्यानंतर आमचा गळीत हंगाम लागला. तोडणी, वाहतूक, करूळच्या घाटात बंद पडलेल्या गाड्या, हे सगळे आले. त्या वाडीकडे जाणे राहून गेले. दुसऱ्या वर्षीही राहिले.

तिसऱ्या वर्षी चतुर्थीत आम्ही घरी असताना सहज त्याच्या घरी गणपतीला गेलो. तो मुंबईहून आला होता. एका इमारतीवर वॉचमनची नोकरी करतो म्हणाला. उसाचे विचारले तेव्हा थोडा वेळ गप्प राहिला. मग हातात प्रसाद देत शांतपणे म्हणाला, "सायबांनू, फोटो काढूक तुमी इलात. गव्यांनी ऊस खाल्ल्यानी तेवा कोण इलो नाय. राग नाय माझो. तुमी इचारलात म्हणान सांगतंय."

झाले होते असे. उभ्या उसात गवे शिरले आणि दोन रात्रींत शेत झोपवले. रानटी जनावरांनी नुकसान केले तर वनखात्याकडे वेळेत अर्ज देऊन पंचनामा करून घ्यावा लागतो, म्हणजे भरपाई मिळते. हे त्याला कुणी सांगितलेले नव्हते. आमच्या ऑफिसात असे अर्ज आम्ही कितीदा भरून दिले आहेत. आमच्यापर्यंत एक निरोप आला असता तर काम झाले असते. पण निरोप धाडावा असे नाते आम्ही ठेवलेच नव्हते. बियाण्याचे, रोपांचे कर्ज अंगावर आले आणि गड्याने मुंबईची गाडी धरली.

याच गोष्टीचा दुसरा भाग त्याहून अधिक विचार करायला लावणारा आहे. निघताना तो म्हणाला की जाण्यापूर्वी वाडीतल्या तिघांना त्याने रोपे करायला शिकवले होते, आणि त्यातले दोघे अजून करतात. हेही आम्हांला ठाऊक नव्हते. म्हणजे आपल्या प्रशिक्षणाचे अपयश आपल्याला कळले नाही आणि यशही कळले नाही. पुढचे पाठ, मागचे सपाट म्हणतात, ते असे.

नावातच सेवा आहे

कुणी म्हणेल, कारखाना हा काही आश्रम नव्हे. उसाला भाव द्या, वेळेत तोड द्या, बाकीचे नंतर. तोडीबद्दलची तक्रार रास्त आहे, तिचे उत्तर आम्ही वेगळे देऊ. पण आपल्या गावच्या सोसायटीचे पूर्ण नाव एकदा वाचा: विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी. सेवा हा शब्द पाटीवर आहे. वसंतदादा इन्स्टिट्यूटसुद्धा १९७५ साली सहकारी कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांनीच उभी केली. तेव्हा ती डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट होती, १९८९ साली तिला दादांचे नाव दिले गेले. शेतकऱ्याने शेतकऱ्याला शिकवावे म्हणून हा खटाटोप झाला. तेव्हा ज्या प्रश्नाशी सेवाभावी संस्था झगडतात, तोच आपलाही आहे: जो आपल्याकडून काही घेऊन गेला, त्याचे पुढे काय करायचे?

येरवडा आणि रत्नागिरी

या बाबतीत आपल्या जिल्ह्याला दूर जावे लागत नाही. कणकवलीला गोपुरी आश्रम आहे. तो १९४८ साली अप्पासाहेब पटवर्धनांनी काढला. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन हे त्यांचे पूर्ण नाव. लोक त्यांना कोकण गांधी म्हणत. उच्चशिक्षित माणूस, पण मेलेल्या जनावराचे कातडे सोलणे, संडास सफाई, मैल्यापासून सोनखत करणे ही कामे त्यांनी स्वतःच्या हाताने केली. ज्या कामाला समाजाने एका जातीच्या माथी मारले, ते काम सर्वांनी करावे, हा त्यांचा आग्रह. १९७१ साली ते गेले. आजच्या तरुण सभासदांनी त्यांचे नाव निदान ऐकलेले असावे.

अप्पासाहेब साबरमतीच्या आश्रमात गांधीजींच्या सहवासात राहून कोकणात परत आलेले. आजच्या भाषेत बोलायचे तर ते त्या संस्थेचे माजी प्रशिक्षणार्थी. १९३२ साली कायदेभंगाच्या चळवळीत ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगात त्यांनी संडास सफाईचे काम मागितले. वरच्या जातीच्या कैद्याला ते काम देता येत नाही, असे तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी सांगितले. अप्पासाहेबांनी अन्न कमी केले.

गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात. सप्टेंबरच्या २० तारखेपासून २६ तारखेपर्यंत त्यांनी उपोषण केले होते, पुणे करार झाला होता, त्याला अडीच महिनेही झालेले नव्हते. देशभरची पत्रे येत होती, पुढारी भेटायला येत होते. अशा वेळी रत्नागिरीच्या कोठडीतल्या एका जुन्या सहकाऱ्याची अडचण त्यांच्यापर्यंत पोचली. त्यांनी सरकारशी पत्रव्यवहार केला, आणि दाद लागेना तेव्हा ३ डिसेंबर १९३२ रोजी त्यांनी स्वतः सहानुभूतीचा उपवास सुरू केला. सरकारने प्रश्नात लक्ष घालण्याचे आश्वासन दिले तेव्हा एकदोन दिवसांतच तो सुटला.

बंधूंनो, ही गोष्ट आपण बहुधा अस्पृश्यता निवारणाच्या धड्यात वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण आम्ही तिच्याकडे आमच्या कामाच्या नजरेनेही पाहतो. दोघेही बंदिवान. मध्ये सह्याद्री. टेलिफोन नाही, मोटार नाही. तरी आपल्याकडून शिकून गेलेला माणूस कुठे आहे, काय करतो आहे आणि कुठे अडला आहे, हे येरवड्याला ठाऊक होते. ठाऊक झाल्यावर 'शाब्बास, चालू द्या' असे पत्र धाडून ते थांबले नाहीत. त्याच्या अडचणीत आपले अंग घातले.

आणि हे नाते एकेरी राहिले नाही. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद कुणी केला? याच अप्पासाहेबांनी. आश्रमातून जे घेतले ते त्यांनी मराठी घराघरांत पोचवले, आणि पुढे गोपुरीत ते रुजवले. ज्याला संस्थेने धरून ठेवले, त्याने संस्थेचे काम शतपट करून परत दिले.

आणखी तीन दाखले

घाटावरच्या सभासदांना रयत शिक्षण संस्थेचे उदाहरण जवळचे वाटेल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली ती स्थापन केली. साताऱ्याच्या शाहू बोर्डिंगात मुले नुसती शिकली नाहीत, एका पंगतीला जेवली. लक्ष्मीबाईंनी स्वतःचे दागिने मोडून त्या पोरांच्या तोंडात घास घातला. म्हणून ती पोरे मोठी होऊन परत आली. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे त्याच बोर्डिंगचे विद्यार्थी. विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि परत येऊन संस्थेच्याच कामाला लागले, पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. जेथे आपल्याला नावाने ओळखतात, तेथे माणूस परत येतो.

दुसरा दाखला चंद्रपूर जिल्ह्यातला. बाबा आमट्यांनी सोमनाथला १९६७ साली तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्याच्या सुट्टीत ती भरते. आम्हांला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. जागा ठरलेली, महिना ठरलेला. एकदा जाऊन आलेल्या पोराला पुन्हा आमंत्रण लागत नाही. दार कधी आणि कुठे उघडे असते, हे त्याला माहीत असते.

तिसरा गडचिरोलीचा. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ साली तरुणांसाठी 'निर्माण' हा उपक्रम सुरू केला. शिबिरे होतात, पण शिबिरावर गोष्ट संपत नाही. शिबिरातून गेलेली मुले पुढे कुठे काय काम करतात, याची खबरबात देणारे 'सीमोल्लंघन' नावाचे वार्तापत्र त्यांनी काढले. एकाची धडपड दुसऱ्याला कळावी, एवढीच त्यामागची योजना. आपल्याकडे ही पत्रिका दर महिन्याला छापली जातेच. तिच्यात सत्काराचे फोटो येतात. शिकून गेलेल्यांची खबर मात्र येत नाही.

गणपतीला येणारा माणूस

आता कुणी म्हणेल, ही झाली थोरामोठ्यांची गोष्ट. आपल्याकडे माणसे कमी, गाड्या कमी, शिवाय कोकणचा माणूस शिकला की मुंबईला जातो. त्याच्याशी संबंध ठेवायचा कसा?

या शंकेला आमचे उत्तर असे की दूर गेलेल्या माणसाशी संबंध ठेवायला कोकणाला कुणी शिकवायची गरजच नाही. चार पिढ्या आपण तेच करीत आलो. गिरणगावात गावकऱ्यांनी मिळून भाड्याच्या खोल्या घेतल्या, एकेका गावची मंडळे काढली. आठवड्याला, महिन्याला बैठक, वर्गणीची वही, गावच्या देवळाचा आणि शाळेचा हिशेब. मनीऑर्डर फॉर्मच्या तळच्या चार ओळींत अख्ख्या घराची खबर मावत असे. १९८२ च्या संपानंतर हजारो हातांचे काम गेले तेव्हा पुष्कळ जण गावी परतले. त्यांना घर होते, कारण वर्षातून एकदा तरी त्या घराचे दार त्यांनी ठोठावलेले होते. १९९८ साली कोकण रेल्वे सलग सुरू झाली आणि येणे-जाणे आणखी सोपे झाले.

आंगणेवाडीची जत्रा पाहा. भराडी देवीच्या जत्रेची तिथी ठरलेली नसते. दर वर्षी देवीचा कौल घेऊन तारीख काढतात. तरीसुद्धा तारीख ठरल्याबरोबर ती मुंबईच्या चाळीचाळीतून पोचते, रजा टाकल्या जातात आणि लाखांनी माणसे येतात. ज्या मुलखात पत्रिका न छापता एवढा निरोप फिरतो, तेथे एका गटातल्या पाचपन्नास प्रशिक्षितांना निरोप पोचत नाही, असे म्हणणे आम्हांला शोभत नाही.

तेव्हा कोकणात ज्याला माजी प्रशिक्षितांचा मेळावा भरवायचा आहे, त्याने तो मार्च अखेरीस खर्च दाखवण्यासाठी भरवू नये. चतुर्थीच्या दिवसांत, गौरी-गणपतीचे विसर्जन झाले की दुसऱ्या दिवशी भरवावा. चाकरमानी गावात असतो, नोव्हेंबरच्या हंगामाला अवकाश असतो, आणि घरातल्या बायामाणसांनाही थोडी उसंत मिळालेली असते. मालवणात बॅरिस्टर नाथ पै यांच्या नावाचे सेवांगण आहे, मालवण तालुक्यातच किर्लोसला कृषी विज्ञान केंद्र आहे. अशा संस्थांना आपण बोलावले तर मेळाव्यात उसाखेरीजही चार गोष्टी होतील.

खोडव्याचा हिशेब

आम्ही उसाची माणसे. आमच्या भाषेत सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

लागणीला खर्च किती येतो ते सर्वांना माहीत आहे. नांगरट, सरी, बेणे, लागणीची मजुरी. ऊस तुटून गेला की पुष्कळ शेतकरी त्या शेताकडे पाठ फिरवतात. पाचट पेटवून देतात, बुडखे तसेच ठेवतात, पाणी उशिरा देतात आणि मग म्हणतात, खोडवा काही साधत नाही. खोडवा साधत नाही असे नाही, त्याला सांभाळले जात नाही. तोडणी जमिनीलगत करावी, उरलेले बुडखे धारदार कोयत्याने छाटावेत, पाचट न जाळता सरीत आच्छादावे, नांग्या रोपांनी भरून काढाव्यात, खताची पहिली मात्रा पंधरा दिवसांत आणि दुसरी साधारण १३५ दिवसांनी पहारीने मुळाशी द्यावी. पूर्वमशागत नको, बेणे नको, आणि पीक लागणीपेक्षा लवकर तयार होते. एका लागणीवर दुसरे पीक निघते, ते कमी खर्चात.

प्रशिक्षण ही लागण आहे. माणसाला निवडणे, मांजरीला धाडणे, राहणे-जेवणे, चार-पाच दिवसांची त्याची खोटी, हा सगळा लागणीचा खर्च. तो आपण करतो आणि अहवालात लिहितो. मग मुळे जमिनीत जिवंत असताना शेत सोडून देतो आणि पुढल्या वर्षी नव्या माणसांची नवी यादी करतो. जुन्या प्रशिक्षितांकडे वर्षातून दोन चकरा मारायला पेट्रोल किती लागेल, आणि एका नव्या तुकडीला किती खर्च येतो, हा हिशेब संचालक मंडळापुढे आम्ही ठेवणार आहोत. तो कुणीही बोटांवर करावा.

खोडव्यातून आणखी एक मिळते, ते म्हणजे त्या जमिनीची खरी ओळख. मांजरीला जे शिकवतात ते चोख शिकवतात, पण ते आपल्या मातीवर उतरवताना अडचणी आपल्याच असतात. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खाली जांभा, आणि मार्चनंतर विहिरीला तळ दिसतो. तीन गुंठ्यांच्या कुणग्यात ट्रॅक्टर वळत नाही. मग पाच फुटी सरीचे काय करायचे? पावसाळ्यात खत वाहून जाते, ते कधी द्यायचे? माकडे आणि गवे यांचे काय? ही उत्तरे कोणत्याही पुस्तकात नाहीत. शिकून येऊन दोन वर्षे धडपडलेल्या माणसाकडे ती आहेत. त्यालाच आपण विचारत नाही.

आमच्या सूचना

पहिली. प्रत्येक गट ऑफिसात प्रशिक्षितांची एक कायम वही असावी. ऊस सोडला म्हणून नाव कापू नये. जो मुंबईला गेला त्याचा तिकडचा पत्ता लिहावा, आणि घरी शेत कोण पाहतो ते लिहावे.

दुसरी. ज्या भगिनी 'ज्ञानलक्ष्मी'ला जाऊन आल्या त्यांची नोंद त्यांच्या स्वतःच्या नावाने व्हावी. सातबारा नवऱ्याच्या नावावर, नवरा मुंबईला, आणि शेत ती करते, अशी घरे आपल्याकडे थोडी नाहीत. आमच्या जुन्या यादीत अशा दोन-तीन जणींपुढे 'अमक्याच्या घरातील' एवढेच लिहिलेले सापडले. शिकायला ती गेली होती. तिला नाव आहे.

तिसरी. ही वही सांभाळणारा एक माणूस नेमावा आणि ते काम त्याच्या कामांत धरावे. सगळ्यांचे काम ते कुणाचेच नव्हे. परत आल्यावर तीन महिन्यांत पहिली भेट, पुढे दर हंगामाआधी एक. भेटीत पहिला प्रश्न 'किती टन निघेल?' हा नसावा. 'कुठे अडले?' हा असावा.

चौथी. माजी प्रशिक्षितांना फक्त गर्दी हवी तेव्हा बोलावू नये. मंत्री आले की बोलवा, देणगी हवी की बोलवा, असे केले तर माणूस एकदा येतो, दुसऱ्यांदा येत नाही. कामापुरता मामा कुणाला आवडत नाही. नव्या तुकडीला शिकवायला त्यांनाच बोलवावे, आणि जाण्यायेण्याचा खर्च द्यावा.

पाचवी. या पत्रिकेचे एक पान त्यांच्यासाठी राखावे. त्यात यश येऊ दे, तसे फसलेलेही येऊ दे. गव्यांनी ऊस खाल्ला, मग अर्ज कुठे दिला, हे छापून आले तर दहा जणांचा ऊस वाचेल.

मोबाईलवर ग्रुप काढला की झाले, असेही काही जण म्हणाले. ग्रुप आहेच. सकाळी त्यावर फुलांची चित्रे येतात, दुपारी वाढदिवसाच्या शुभेच्छा. ज्याचा ऊस आडवा झाला आहे तो माणूस तेवढ्या लोकांदेखत आपली फजिती लिहीत नाही. तो बांधावर उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाला सांगतो. निरोपाला मोबाईल ठीक आहे. भेटीची जागा तो घेऊ शकत नाही.

आमच्या अनुभवाचेही सांगतो. आम्ही कृषी पदविका घेऊन बाहेर पडलो त्याला वीस वर्षे होऊन गेली. ज्या संस्थेत शिकलो तेथून 'काय करता?' असे विचारणारे एक पोस्टकार्डही कधी आले नाही. मात्र तेथले एक वयस्क गुरुजी दिवाळीला न चुकता पत्र धाडायचे आणि शेवटी एकच ओळ असायची, रोग-किडीची काही अडचण आली तर कळव. दोनदा आम्ही खरोखर कळवले, आणि दोन्ही वेळा गुरुजींचे उत्तर आले. आज आम्ही जे काही नीट करतो त्यातले बरेचसे त्या पत्रांचे आहे. एका माणसाला हे जमते, मग एवढ्या मोठ्या संस्थेला का जमू नये?

शेवटी विनंती. आपल्यापैकी जे कोणी कारखान्यामार्फत प्रशिक्षणाला जाऊन आले असतील, त्यांनी आपले नाव, गाव आणि सध्याचा पत्ता जवळच्या गट ऑफिसात कळवावा. ऊस असो वा नसो. येत्या चतुर्थीत, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, घाटाखालच्या गटांतल्या सर्व जुन्या प्रशिक्षितांनी एकत्र बसावे, असा प्रस्ताव आम्ही देत आहोत. हार-तुरे नसतील. चहा असेल, आणि ऐकून घ्यायला आम्ही असू.

त्या वाडीतल्या सभासदाला आम्ही मुंबईच्या पत्त्यावर पत्र लिहिले आहे. त्याने शिकवलेल्या दोघांची नावे वहीत घेतली आहेत, आणि त्यांच्या नावापुढे 'कुणाकडून शिकले' या रकान्यात त्याचे नाव लिहिले आहे. बाकीच्या कोऱ्या जागा अजून तशाच आहेत. त्या भरायला आपली मदत लागेल.

आपले नम्र,
ऊस विकास अधिकारी
(घाटाखालील गट)